चाकोरीत

वावरांकडे जाणाऱ्या पांदणीच्या तोंडाशी एक बाभूळ आहे. तिच्याखाली मी माझी मोटरसायकल उभी करते आणि चाकाशी उकिडवी बसून हवा सोडते. आधी मागच्या चाकातली, मग पुढच्या. डांबरावर पुढे २५ आणि मागे ३० पीएसआय असते, इथं गेज लावून लावून दोन्ही १८-२० वर आणते. सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. फुस्स आवाज ऐकून पलीकडच्या वावरातून हमखास कुणीतरी विचारतं, "पंक्चर झाली का जी?"

"नाही जी, मीच सोडून राहिली हवा."

मग ते धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, खाली येतात, टायर अंगठ्यानं दाबून पाहतात. ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्याला फार सांगावं लागत नाही. हवा कमी झाली की टायर जमिनीवर पसरतो. दगडावर आदळून उसळायच्या ऐवजी दगडाला कवेत घेतो आणि पुढे जातो. सुरुवातीला मी गाडीवर बरेच पैसे घातले, पण जमिनीवरचा सगळ्यात मोठा फरक या फुकटच्या कामानं पडला, आणि तो मला सहा महिने उशिरा कळला.

गाडी हीरोची एक्सपल्स २०० फोर-व्ही. मी ती २०२२ च्या दसऱ्याला सेकंडहँड घेतली. नवी गाडी २०२१ मध्ये बाजारात आली तेव्हा शोरूमची किंमत सव्वा लाखाच्या जरा वर होती. मातीत चालेल अशी इतक्या पैशांतली दुसरी गाडी तेव्हा माझ्या पाहण्यात नव्हती. याच कंपनीनं २०११ मध्ये इम्पल्स नावाची दीडशे सीसीची गाडी काढली होती. कॉलेज संपून नोकरीला लागलेली मी तेव्हा नागपूरच्या काटोल नाक्यावर एकाची इम्पल्स उभी पाहून सिग्नल सुटेपर्यंत तिच्याकडे बघत बसले होते. अकरा वर्षं ते डोक्यात राहिलं. घेतली तेव्हा मनात अर्थातच लडाख होतं, आपल्याकडे सगळ्यांच्याच असतं. लडाखला मी अजून गेलेले नाही. गाडीचे बहुतेक किलोमीटर काटोल रस्त्यानं फेटरी मागे टाकून बाबांच्या वावरापर्यंत जाण्या-येण्यात झालेत, आणि त्यातलेही जे किलोमीटर मला मोजावेसे वाटतात ते डांबर संपल्यावरचे, दीड-दोन एवढेच.

पांदण हा शब्द पश्चिम महाराष्ट्रातले लोक पाणंद असा म्हणतात. गावातून वावरांकडे जाणारी, दोन्हीकडे धुरे आणि मधून बंडीची, म्हणजे बैलगाडीची वाट. गावनकाशात पायवाट एका तुटक रेषेनं दाखवलेली असते आणि गाडीवाट दोन तुटक रेषांनी. आमची पांदण दोन रेषांची आहे. जमिनीवर मात्र ती कित्येक ठिकाणी एका रेषेचीच उरली आहे, कारण दर वर्षी वखरणी करताना दोन्ही बाजूंनी एकेक हात आत सरकतो. दहा वर्षांत बंडी अडते. भांडण कुणीच करत नाही, अडचण सगळ्यांना होते. मोटरसायकल मात्र तिथून निघते, म्हणून बाबा मला अधूनमधून सामान आणायला सांगतात. औषधाचे डबे, पंपाचा फूटव्हॉल्व्ह, एकदा तर तुरीच्या बियाण्याची पिशवी.

पहिल्यांदा गाडी घेऊन गेले तेव्हा बाबा तिच्याभोवती एक फेरी मारून पुढच्या चाकाशी थांबले. ते चाक २१ इंचाचं आहे, तारांचं. आपल्या नेहमीच्या गाड्यांना १७-१८ चं असतं.

"हे बराबर आहे," ते म्हणाले. "बंडीचं चाक मोठं कायले असते? खड्ड्यात उतरत नाही म्हणून."

ऑफ-रोड गाडीला पुढचं चाक मोठं का देतात याची मी किती लेखांतून आणि व्हिडिओंतून माहिती काढली होती. लहान चाक खड्ड्यात पडतं, मोठं चाक त्याच खड्ड्याच्या काठावरून सरकतं, दगडाशी त्याचा कोन उथळ राहतो. बाबांना ते बंडीवरून माहीत होतं.

माझी उंची पाच फूट तीन इंच. गाडीची सीट जमिनीपासून ८२५ मिलिमीटरवर, म्हणजे दोन्ही पाय टेकवायचे म्हटले तर माझे फक्त चवडे लागतात. गाडी घेताना जो तो हेच म्हणाला, ताई, उंच होईल. एकानं मागच्या सस्पेन्शनची लिंक बदलून गाडी इंचभर खाली बसवून देतो म्हणून सांगितलं. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. मग लक्षात आलं की ज्याच्यासाठी गाडी घेतली तेच मी काढून टाकत होते. तिच्या पोटाखाली २२० मिलिमीटर जागा आहे, पुढचं सस्पेन्शन १९० आणि मागचं १७० मिलिमीटर खेळतं. दगडावरून जाताना हीच जागा उपयोगी पडते. मागची बाजूच तेवढी खाली केली तर पुढचा भाग वर राहतो आणि हँडल आळशी होतं. शेवटी मी फक्त सीट उघडून घेतली. इतवारीत सीट कव्हर शिवणाऱ्या एका कारागिरानं फोम काठाकाठानं तासला. रुंदी कमी केली, उंची फारशी नाही. मांड्या आत आल्या, पाय सरळ खाली गेला, एक टाच पूर्ण टेकायला लागली. मातीत एकच पाय पुरतो. दुसरा पाय तसाही मागच्या ब्रेकवर हवा. ज्या बायका केवळ उंचीपायी या गाड्यांपासून लांब राहतात त्यांना मला हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. गाडी खाली आणू नका. सीट अरुंद करा आणि एका पायावर थांबायची सवय करा.

आता मॉडिफिकेशनबद्दल. पहिल्या वर्षी मी काय काय लावलं ते आठवलं की वाटतं, मी वावराची नाही, फोटोतल्या गाडीची तयारी करत होते. लोखंडी क्रॅशगार्ड, मागे पेटीसाठी रॅक, दोन जास्तीचे दिवे. रॅक आणि गार्ड मी एका वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतले. उन्हाळ्यात हा माणूस कूलरच्या बॉड्या बनवतो, पावसाळ्यात अलमाऱ्या आणि गेटं. नागपुरात अशी दुकानं गल्लोगल्ली आहेत आणि त्यांचं काम पक्कं असतं. गार्डही पक्का होता. दीडशेपेक्षा थोड्या जास्त किलोच्या गाडीवर त्यानं सात-आठ किलो चढवले, तेही पुढे. सपाट रस्त्यावर ते कळत नाही. पांदणीत गाडी एका बाजूला कलायला लागली की एका पायाला एकेक किलो कळतो.

आज त्यातलं काही लावलेलं नाही. मूळ गाडीला पोटाखाली अॅल्युमिनियमची पट्टी आहे, सायलेन्सर वर उचललेला आहे, पायाखालच्या फूटपेगवरचं रबर काढलं की खाली दात असलेलं लोखंड आहे. माझ्यासारख्या नवशिकीला लागणारं बरंचसं कंपनीनं आधीच दिलेलं होतं. मी बदललं ते इतकंच. हँडल वीस मिलिमीटर वर घेतलं, कारण उभं राहून चालवताना पाठ वाकायची. प्लास्टिकच्या हँडगार्डच्या जागी आत धातूची पट्टी असलेले बसवले. टायर मातीचे घेतले. आणि पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, १३ दातांचं काढून १२ दातांचं लावलं. एक दात कमी केला की गिअरिंग साधारण ८ टक्क्यांनी खाली येतं. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी माणसाच्या चालीनं, गुदमरल्याशिवाय चालते. हायवेवर इंजिन जास्त फिरतं, तेवढं सोसावं लागतं. नवशिक्याला मातीत वेगाची भीती वाटते हे खरंच, पण गाडी हळू चालवताना बंद पडण्याची भीती मला तिच्याहून मोठी होती, आणि पडण्याचे माझे निम्मे प्रसंग गाडी बंद पडल्यामुळेच आले. हे साडेतीनशे रुपयांचं स्प्रॉकेट आधी लावलं असतं तर काही जखमा वाचल्या असत्या.

एक काम असं, ज्याला पैसा लागत नाही. हँडलवरच्या क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प मी गच्च आवळत नाही. हातानं जोर लावला तर फिरतील, एवढेच ठेवते. गाडी पडली की लिव्हर तुटायच्या ऐवजी वर फिरते. उचलायची, फिरवून जागेवर आणायची, निघायचं.

सायलेन्सर मात्र मी कंपनीचाच ठेवला आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीशी न जुळणाऱ्या बदलांना मनाई करतं, ते आहेच. पण पांदणीत बैल असतात. एक बैल बिचकून जुवासकट धुऱ्यावर चढताना मी पाहिलाय, आणि तो आवाज माझ्या गाडीचाही नव्हता. तेव्हापासून समोरून बंडी आली की मी इंजिन बंद करून उभी राहते.

गाडी घेतली तेव्हा ऑफिसात सगळे म्हणाले, या वयात चाकोरीबाहेरचं काहीतरी करतेस, छान. चाकोरी हा शब्द मी शेकडो वेळा वापरला असेन. पण ती पायाखाली पाहिली ती बाबांच्या पांदणीत. बंडीच्या चाकाला लोखंडाची धाव असते. ती धाव वर्षानुवर्षं एकाच जागेवरून गेली की मातीत दोन घळी पडतात, त्या चाकोऱ्या. आता ट्रॅक्टरनं त्या रुंद आणि खोल केल्यात आणि मधे गवताचा उंचवटा राहिलाय. दिवाळीनंतर त्या वाळून सिमेंटासारख्या कडक होतात. काठ टायरच्या निम्म्या उंचीपर्यंत येतात.

मी पहिल्यांदा तिच्यात उतरले आणि लगेच बाहेर यायला बघितलं. पुढचं चाक काठावर चढवायला हँडल जरासं वळवलं. चाक चढलं नाही, काठाला घासत राहिलं, मागचं चाक आपल्या वाटेनं गेलं आणि मी उजवीकडे तुरीत पडले. गुडघ्याला गार्ड होता म्हणून निभावलं. इंजिन बंद केलं, पेट्रोलचा वास गेला तोवर श्वास घेतला, आणि गाडी उचलायला लागले. पुढून हँडल धरून ओढायची चूक मी आधी केली होती, तिनं माझी कंबर आठ दिवस धरली होती. गाडी उजवीकडे पडलेली असेल तर डावीकडचं स्टँड आधीच उघडून ठेवायचं, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे जाते. गिअर टाकलेला ठेवायचा. हँडल पूर्ण वळवायचं. मग गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला बूड टेकवायचं, एक हात हँडलला, एक मागच्या कॅरिअरला, आणि पाठ ताठ ठेवून छोट्या छोट्या पावलांनी मागे चालायचं. वजन मांड्या उचलतात. बाबा धावत आले, पण मी त्यांना हात लावू दिला नाही. त्यांचं वय चौऱ्याहत्तर.

गाडी उभी झाल्यावर ते चाकोरीकडे पाहत म्हणाले, "तू चाकाकडे पाह्यत होती."

"हो. अडकलं होतं ना."

"चाक कुठं जाईल ते चाकोरीले माईत आहे. तू समोर पाय. थो आंबा दिसते ना, त्याच्याकडे पाय."

पुढचे कितीतरी रविवार मी तेवढंच केलं. फूटपेगवर उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी सैल धरायची, दुसरा गिअर, थ्रॉटल एकसारखा, पुढच्या ब्रेकला बोट लावायचं नाही, आणि डोळे त्या आंब्यावर. हँडल हातात हलतं, हलू द्यायचं. चाक दोन्ही काठांना हलकेच लागत जातं आणि आपोआप मधे येतं. बाहेर पडायचंच असेल तर घासत घासत पडता येत नाही. वेग कमी करायचा, काठ जिथं फुटलेला आहे ती जागा बघायची आणि तिथं जवळजवळ आडवं वळून एका दमात चढायचं. चांगल्या प्रशिक्षकाकडेही हेच शिकवतात, हे मला मागाहून कळलं. मी ते शिकले बंडी हाकणाऱ्याकडून.

पावसाळ्याचा विषय वेगळाच. नागपूर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्वेकडच्या काठावर वसलंय. पश्चिमेला काटोलकडे बेसाल्ट आणि त्याची काळी कापसाची माती, पूर्वेकडे गेलं की खडक बदलतो, जुना होतो, आणि कन्हानच्या पात्रात रेती लागते. एका शहरातून तासाभरात दोन वेगळ्या शाळा. काळी माती मे महिन्यात इतकी भेगाळते की भेगेत मनगट जातं, आणि जुलैत तीच फुगून चिकट होते. टायरच्या गुट्ट्यांमधली जागा ती भरून काढते आणि महागाचा टायर पाच मिनिटांत गुळगुळीत होतो. मग ती चाक आणि त्याला धरणाऱ्या स्विंगआर्मच्या मधे साचते, चेन खाते, आणि चाक फिरायचंच थांबतं. बाबांनी सांगितलं होतं, पाऊस पडला की दोन दिवस पांदणीत जायचं नाही. मी तिसऱ्या तासाला गेले. दोनशे मीटरला पाऊण तास लागला. गाडीच्या टूलकिटात तेव्हापासून एक खुरपं असतं, साधं निंदणाचं. चाकातली माती काढायला त्याच्यापेक्षा चांगलं हत्यार मला सापडलेलं नाही. पण खरं सांगायचं तर ओल्या पांदणीत मी आता जातच नाही. आपण तासभर मजा करून घरी येतो, आणि आपण पाडलेल्या घळीतून दुसऱ्या दिवशी कुणाला तरी बंडी काढायची असते.

रेतीनं वेगळा धडा दिला. कन्हानच्या पात्रात ट्रॅक्टर उतरतात त्या वाटेवर मी हवा आणखी कमी केली, १४ पर्यंत. रेतीत चाक तरंगलं, वजन मागे, थ्रॉटल उघडा, फार आनंद झाला. परतताना मागचं चाक बसलं. माझ्या गाडीत ट्यूब आहे, आणि इतक्या कमी हवेत टायर रिमवरच सरकला होता. त्यानं ट्यूबला सोबत ओढलं, व्हॉल्व्ह मुळापासून फाटला. ही चूक माझी. आता व्हॉल्व्हच्या बुडाशी असलेला नट मी रिमवर आवळत नाही, वर टोपीशी नेऊन ठेवते. व्हॉल्व्ह तिरका दिसला की समजायचं, टायर सरकतोय, हवा भर. १८ च्या खाली जात नाही. आणि सोबत ट्यूब एकच ठेवते, पुढच्या २१ इंची चाकाची, कारण अडीअडचणीला ती मागच्या १८ इंचीतही घालता येते. उलटं होत नाही.

लोक विचारतात, पेंचला जातेस का गाडी घेऊन? पेंच किंवा उमरेड-पवनी-कऱ्हांडलाच्या आत दुचाकीला प्रवेश नाही आणि नसावाच. आम्हाला जंगल नको आहे. पिकातून जायचं नाही, धुरा तोडायचा नाही, फाटक उघडलं तर लावायचं, एवढं पाळलं तरी जिल्ह्यात आयुष्यभर पुरतील इतक्या पांदणी आहेत. उन्हाळ्यात डोक्याला ओला दुपट्टा, त्यावर हेल्मेट, आणि नऊच्या आत घरी. मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे गेलेल्या दुपारी मातीत पडणं म्हणजे नुसतं पडणं नसतं.

यंदा आमच्या पांदणीचं काम निघालं. २०२१ मध्ये राज्यात मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना सुरू झाली, गावोगावी त्यातून रस्ते झाले. मोजणी झाली, दोन्हीकडचे धुरे मागे सरकले, बाभळीपासून विहिरीपर्यंत गिट्टी आणि मुरूम पडला, रोलर फिरला. ज्या चाकोरीत मी पडले ती आता दिसत नाही. मला वाईट वाटेल असं मी समजले होते. पण त्याच आठवड्यात शेजारच्यांचा कापूस पावसाआधी निघाला, भरलेला टेम्पो वावराच्या तोंडापर्यंत आला, आणि बाबा विहिरीच्या काठावर उभे राहून तो टेम्पो वळेपर्यंत बघत होते.

मागच्या रविवारी ते म्हणाले, चाल, बसव मले. मी मागचे फूटपेग उघडले, ते माझ्या खांद्याला धरून बसले. मुरमावरून आम्ही सरळ विहिरीपर्यंत गेलो. तिथं त्यांनी खांदा दाबला आणि डावीकडे, नाल्याच्या बाजूला बोट केलं. पूर्वी तिकडून आमराईला बंडी जायची म्हणे. माझ्या जन्माच्या आधी.

मला तिथं गवताशिवाय काही दिसेना. गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट आरशाला अडकवलं आणि आम्ही दोघं चालत उतरलो. बाबा पुढे. थोडं गेल्यावर ते थांबले, काठीनं गवत बाजूला केलं आणि पायानं चाचपून पाहिलं. मग चार फूट उजवीकडे सरकून तिथंही तसंच केलं.

"आहे," ते म्हणाले. "दोन्ही आहेत."

मी खाली बसून हात घातला. गवताच्या मुळांखाली माती खोलगट होती.